वांग्याच्या मुळावरच्या गाठी

त्र्याण्णव साली सगळं कुंभार पिंपळगाव बद्रीनाथ पाटलाच्या वांग्याच्या रानात जमलं होतं. गावच्या मठातल्या भस्मेबाबांनी डोळे मिटले, एका पिवळ्या झाडावर काठी टेकवली अन् सांगितलं, "उपटा. मुळाला गाठी असतील." बद्रीनाथनं झाड उपटलं, तर मुळं गाठींनी भरलेली. लोकांनी तिथंच हात जोडले. गाठी म्हणजे करणी अन् करणी म्हणजे कोणी तरी बाई, हे गावाला शिकवावं लागत नव्हतं.

बाबांनी बोट केलं बांधापलीकडे. तिथं चतुराबाईची वांगी हिरवीगार होती. पाटलाचं रान पिवळं अन् विधवेचं हिरवं, आणखी पुरावा कशाला? त्यात ती निंबोळ्या वेचून कुटत बसायची, हेही आता सगळ्यांना आठवलं. "आजच्या आज गाव सोडायचं," बद्रीनाथ म्हणाला. तिच्याकडून रोज ताक नेणाऱ्या झुंबरबाईनं मान फिरवली. चतुराबाई संतापली.

ती तडक बाबांच्या मठामागं गेली. लोक शिव्या देत मागोमाग. तिथंही वांगी होती, बद्रीनाथनंच वाहिलेल्या रोपांची. तिनं त्यातलं पिवळं झाड उपटून बाबांपुढं धरलं. मुळांना तशाच गाठी.

"बाबा, तुमच्यावर कोणी करणी केली?"

गावाची पीडा आपण अंगावर घेतली, असं बाबा बोलून गेले. अशा लोकांची जीभ कुठं अडते? तेवढ्यात शाळेतले तातेराव गुरुजी पुढं झाले. त्यांनी गाठ चिरून भिंगाखाली धरली अन् आतले बारीक पांढरे ठिपके एकेकाला दाखवले.

"हे सूत्रकृमी, मातीतले बारीक जंत. मातीतून मुळात शिरतात, मूळ सुजतं, पाणी वर चढत न्हाई, झाड पिवळं पडतं. पिवळं झाड बघून गाठी कोणीही सांगंल."

पाटलाच्या वाफ्यातल्या रोपांसोबत ही कीड मठातही आली होती. निंबोळी पेंड अन् शेणखत घाला म्हणून गुरुजींनी सगळ्यांनाच विनवलं होतं. ऐकलं एकट्या चतुराबाईनं. तिचंही झाड उपटलं. गाठी निघाल्या, पण थोड्या अन् बारीक. पेंड म्हणजे काही जादू नव्हे, गुरुजी म्हणाले, कीड कमी होते एवढंच.

बाबा तोवर जाणाऱ्या जीपमध्ये चढले होते. बद्रीनाथ खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, थोडी पेंड मिळंल का?"

"देते. पण गाव कोणी सोडायचं, ते आधी सगळ्यांपुढं सांगा."

मग ती सगळ्या गावाकडं वळली. "पुन्हा रान पिवळं पडलं तर मुळाची गाठ चिरून बघा. बाईकडं बोट दाखवू नका."