उतरवलेल्या तारा

सुविद्य वाचकहो, प्रस्तुत लेखात मी एका गुणी मनुष्याचे चरित्र आणि त्यांच्या बाबतीत माझ्या हातून घडलेले एक नीच कृत्य, अशी दोन्ही सांगणार आहे. चरित्र थोडक्यात आहे, कारण ते मला पुरते ठाऊक नाही. कृत्य मात्र संपूर्ण सांगेन, कारण ते माझे स्वतःचे आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले असून वाशीम येथील एका छापखान्यात मी अक्षरांचे खिळे जुळवण्याचे काम करतो. दुसऱ्यांची लग्ने, निधने आणि जाहीर निवेदने जुळवता जुळवता जी भाषा हाती लागली, तीच येथे वापरली आहे. उणे असल्यास क्षमा असावी.

सदर गृहस्थांचे नाव उकंडराव पट्टेबहादूर. वाशीमबाहेर नाल्याच्या काठी त्यांचा अर्ध्या एकराचा मळा होता. मेथी, पालक, कोथिंबीर काढून ते आणि त्यांच्या पत्नी भागिरथाबाई बाजारात विकत. तरुणपणी ते पूर्णा जंक्शनला रेल्वे इंजिनांच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस, होते. तेथील एक ड्रायव्हरसाहेब विलायतेस कायमचे जाताना आपली गिटार त्यांना देऊन गेले. वाजवणेही त्यांनीच शिकवले होते. पुढे नोकरी सुटली, उकंडराव गावी आले आणि कापसाच्या जिनात लागले. तेथे पट्ट्यात सापडून त्यांच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट गेले. गिटारीच्या तारा डाव्याच हाताने दाबायच्या असतात, हे वाचकांस ठाऊक असेलच.

सन १९७४ मध्ये मी बावीस वर्षांचा होतो आणि माणिकरावांच्या गायन पार्टीत खंजिरी वाजवत होतो. एका रविवारी मेथी आणावयास मळ्यात गेलो असता झोपडीतून असा ध्वनी आला की मी मेथी विसरलो. पाच-सहा स्वर एकदम, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे असावेत तसे ऐकू येत होते. मी आत डोकावलो.

"काय पाह्यतं?" उकंडराव म्हणाले. "चोरी नाही केली. माहीच हाय."

"हे काय वाजवलं मामा?"

"जुडी."

"जुडी?"

"मेथीची असते ना, तशी सुराची बी असते. एकटी काडी कोन इकत घेते? पाच-सा काड्या एका जागी बांधल्या का जुडी झाली. सायेब त्याले कार्ड का कॉर्ड म्हने. मी जुडी म्हन्तो."

मी त्यांच्या हाताकडे पाहिले. त्यांनी ते ओळखले आणि हात लपवला नाही.

"चार बोटाचं काम दोन बोटानं कसं करता, हेच इचारतं ना? जिनात बोटं गेले तवा दोन वर्ष हिले हात नाही लावला. मंग एक दिवस म्हटलं, बोटं वर जात नाही तं तारायले खाली आना. खुंट्या पिळून तारा उतरवल्या. आता मोकळ्या वाजवल्या तरी पुरी जुडी निघते. पाह्य, ह्या तिसऱ्या तारेवर बोट ठेवलं का हासते." त्यांनी बोट ठेवले. "उचललं का रडते." त्यांनी बोट उचलले.

खरोखर, तीच जुडी एका बोटाच्या अंतराने हसली आणि रडली.

त्या दिवसापासून दोन वर्षे दर रविवारी मी मळ्यात गिटार शिकावयास जात असे. मला चारही बोटे असून मी त्यांच्याप्रमाणे दोनच वापरू लागलो. काही जुड्या हसऱ्या, काही रडक्या, आणि काही अशा की त्यांचे काय चालले आहे ते सांगता येऊ नये. अशीच एक जुडी त्यांनी दाखवली तेव्हा मी नाव विचारले.

"हिले नाव नाही. बायको माहेराहून परत आली का घरात जसं वाट्टे, तशी हाय ही."

पालक निवडत बसलेल्या भागिरथाबाईंनी मान वर केली. "म्हंजे कसं वाट्टे?"

"थोडं बरं. थोडं भेव."

"भेव वाट्टे तं आनाले कायले येता मंग, धोतर सावरत?"

"थे थोडं बरं वाट्टे म्हून," उकंडराव म्हणाले, आणि मी हसून हसून वेडा झालो.

येथे एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. गिटार लावण्याचे काम उकंडराव स्वतः करत. तारा ढिल्या झाल्या की ते कान खाली नेत, डोळे मिटत, आणि एकेक खुंटी पिळत. कोणती तार किती उतरवायची हे मी कधी विचारले नाही. विहिरीतून पाणी मिळत असता विहीर कोणी कशी खणली हे कोण विचारतो? गिटार अशीच लावलेली असते, जगात सर्वत्र अशीच असते, असा माझा समज होता.

सन १९७६ च्या हिवाळ्यात वाशीमजवळच्या मालेगाव येथे नव्या बुद्धविहाराचे उद्घाटन ठरले. सकाळी आमची गायन पार्टी आणि सायंकाळी नागपूरचा ऑर्केस्ट्रा, असा कार्यक्रम होता. माणिकराव म्हणाले, "गुलाब, गिटार आन बाप्पा! मानोऱ्याच्या पार्टीजवळ बेंजो हाय, पन गिटार कोनाजवळच नाही. पत्रकात टाकू, 'वाशीमची गिटारवाली पार्टी'."

ते पत्रक मीच जुळवले. 'गिटारवादक' या शब्दापुढे माझे नाव जाड्या ठशात घातले. गुरूचे नाव घालावयास खाली एक ओळ मोकळी होती. तेथे मी फुलाचा ठसा टाकला.

उकंडरावांनी गिटार भागिरथाबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून दिली. "तू पार्टीसंग ट्रकमदी जाय. मी सकाळच्या यष्टीनं येतो. बारा वर्षापासून हिले मीच वाजवून राह्यलो. दुसऱ्यानं वाजवलेली दुरून कशी आयकू येते, थे पाहाचं हाय मले."

मालेगावी मंडपामागे आम्ही चहा पीत असता ऑर्केस्ट्राची माणसे आली. त्यांच्यात उदयसिंग नावाचा गिटारवाला होता. मानेवर रुळणारे केस, खाली रुंद होत गेलेली पँट. त्याने आमची गिटार पाहिली आणि प्रेमाने उचलली. तारांवरून बोट फिरवताच त्याचा चेहरा बदलला.

"अरे भाई, ये तो पूरी उतरी हुई है. ऐसे ही बजाते हो क्या?"

आजूबाजूचे पाच-सात जण पाहू लागले. मी म्हणावयास हवे होते की होय, अशीच वाजवतो, आमची अशीच असते. परंतु त्याच्या पँटकडे पाहता पाहता माझ्या तोंडून निघाले, "गलती से उतर गई होगी."

"कोई बात नहीं. मैं मिला देता हूँ."

त्याने झटपट खुंट्या पिळल्या. तारा वर चढत गेल्या, ताठ झाल्या, चमकू लागल्या. मला वाटले, बरे झाले, आता अधिक सुरेख वाजेल. माझ्या अज्ञानाची ही सीमा होती.

माणिकरावांनी पहिले गीत उचलले. मंडप भरलेला होता, बाया-माणसे दाटीने बसली होती. पुढच्या सतरंजीवर धुतलेले धोतर नेसून उकंडराव बसलेले मला दिसले. मी नेहमीच्या जागी बोट ठेवले आणि तारा छेडल्या.

भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज झाला. मी बोट हलवले. दुसरी मांडणी कोसळली. माईक गिटारीच्या तोंडाशीच होता.

"काय वाजवून राह्यला बे?" माणिकराव दातांत बोलले.

"अरे, गिटार हाय का पिपा?" मागून कोणीतरी ओरडले. मंडप हसला.

उकंडराव उठले. माणसांमधून वाट काढत ते मंचापाशी आले आणि त्यांनी हात पुढे केला. तो डावाच हात होता.

"गुलाब, दे इकडे. खुंट्या पिळल्या कोनी तरी. दोन मिनिट लागन, लावून देतो."

मंचाच्या कडेला उभा असलेला उदयसिंग त्या हाताकडे पाहू लागला. "ये कौन हैं? तुम्हारे मास्टर हैं क्या?"

प्रश्न साधा होता. विचारणाऱ्याच्या मनात थट्टाही नव्हती. परंतु मंडप अद्याप हसत होता, आणि मला तो दोन बोटांचा हात दिसत होता, नखांतील माती दिसत होती, धोतराचा धुऊनही मेथीच्या रसाने हिरवाच राहिलेला सोगा दिसत होता. मला वाटले, मी हो म्हटले की हे सर्व हसू माझ्या नावाला कायमचे चिकटेल.

मी म्हणालो, "कोई नहीं. हमारे तरफ के सब्जीवाले हैं."

उकंडरावांचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी तो हळूच मागे घेतला आणि आसपासच्या लोकांकडे पाहून ते म्हणाले, "हो, भाजीवालाच हाय मी. याच्या घरी कोथिंबीर द्याची हाय, थेच इचाराले आल्तो. किती जुड्या पाह्यजे म्हून."

मंडप पुन्हा हसला. या खेपेस माझ्यावर नव्हे.

वाचकहो, माझी लाज त्यांनी स्वतःवर घेतली आणि मी ती घेऊ दिली. गिटार बाजूस ठेवून मी खंजिरी उचलली. कार्यक्रम चांगला झाला, लोकांनी वाहवा केली. उकंडराव अखेरपर्यंत त्याच सतरंजीवर बसून होते. शेवटी ते मंचावर आले, त्यांनी गिटार लुगड्यात गुंडाळली आणि यष्टीच्या थांब्याकडे गेले. मी मंडपाच्या कनातीमागे उभा राहून त्यांना जाताना पाहिले.

त्यानंतर सात महिने मी मळ्यात गेलो नाही. बाजारात भागिरथाबाई दिसल्या की मी दुसऱ्या ओळीतून जात असे. आईने मेथी आणावयास सांगितले की वांगी आणत असे. क्षमा मागण्यास मी रोज निघत होतो आणि रोज काहीतरी निमित्त सापडत होते. दोष नेमका कोणता, हेही मी स्वतःस फिरवून सांगत होतो: त्यांनी शिकवलेच चुकीचे, मग माझा काय अपराध?

पावसाळ्यात उदयसिंग ऑर्केस्ट्राची हस्तपत्रके छापून घेण्यास आमच्या छापखान्यात आला. मला ओळखून तो म्हणाला, "यार, तुमसे एक बात पूछनी थी. वो जो उस दिन गिटार उतरी हुई थी, गलती से नहीं उतरी थी ना? मैं बाद में सोचता रहा. बंबई में एक गोवावाले को देखा, वो भी तार बदल के बजाता है. बाहर के बड़े-बड़े लोग बजाते हैं. लेकिन वो किसी से सीखते हैं. तुम्हारी किसने मिलाई थी?"

मी खाली पाहून म्हणालो, "वही, सब्जीवाले."

त्याने आपलीच दोन बोटे हवेत दाबून पाहिली. मग म्हणाला, "दो उँगली से? अपने आप? भाई, पूछ के लिख लो. कौन सा तार कितना नीचे. मुझे भी भेजना."

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, मी कागद आणि शिसपेन्सिल घेऊन मळ्यात गेलो. पावसाने आठवडाभर दडी मारली होती, म्हणून नाल्यावर पाणी उपसणारे ऑईल इंजिन चालू होते. झोपडीत उकंडराव आणि भागिरथाबाई मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. गिटार भिंतीला टांगलेली होती.

"बस," उकंडराव म्हणाले. जणू मी मागच्याच रविवारी येऊन गेलो होतो.

मी बसलो नाही. पाठ केलेली क्षमा मी म्हणून दाखवली. त्यांनी ती शांतपणे ऐकली.

"खोटं काय बोलला तू? भाजीच तं इकतो मी."

"अन् चार दिवस बोटं फोडून घेतले, थे?" भागिरथाबाई त्यांच्याकडे न पाहता म्हणाल्या. "नागपूरवाल्यानं सही सुरात लावली म्हने. म्हून तशीच ठेवली अन् दोन बोटानं दाबत बसले. रगत निंघालं. मंग देली टांगून."

"सही लागली तं सहीच राहू द्या लागते," उकंडराव म्हणाले. "आपन अडानी मानसं, बारा वर्ष चुकीची वाजवली."

"चुकीची नव्हती मामा!" मी घाईने उदयसिंगाचे सर्व बोलणे सांगितले. बंबई, गोवावाला, बाहेरचे मोठे लोक. कागद पुढे केला. "सांगा, कोनती तार किती उतरवाची. मी लिहून घेतो."

त्यांनी बांधत असलेल्या जुडीला गाठ मारली. मग प्रथमच माझ्याकडे नीट पाहिले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"त्यानं बरी म्हटली म्हून आला का, गुलाब?"

खोटे बोलण्याची सवय मला एव्हाना झाली होती. तरी मी म्हणालो, "हो."

त्यांनी मान हलवली. उत्तर पटल्यासारखी.

"इसरलो मी," ते म्हणाले, आणि फावडे घेऊन वाफ्याला पाणी फिरवावयास निघून गेले.

भागिरथाबाई मेथीची काडी हातात धरून थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "इसरन कसा थो? रोज पानी देता देता साही तारा तोंडानं म्हन्ते. आतेबी म्हनत असन. जाय, आयकून घे. आलं तं."

मी बांधापर्यंत गेलो. ते माझ्याकडे पाठ करून, वीतभर मेथीत उभे राहून, पाण्याची धार एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवत होते. ते गुणगुणत होते हे त्यांच्या मानेवरून कळत होते. इंजिनाचा आवाज मोठा होता. आणखी वीस पावले पुढे गेलो असतो तर सर्व ऐकू आले असते, परंतु त्यांना माझी चाहूल लागली असती आणि ते थांबले असते. मी जागीच उभा राहिलो. सहापैकी दोन स्वर मला ऐकू आले. बाकीचे इंजिनात गेले.

ते दोन मी कागदावर लिहिले आणि परत आलो.

उकंडराव पट्टेबहादूर मागील वर्षी वारले. मालेगावच्या मंडपात मला जो प्रश्न विचारला गेला होता, त्याचे उत्तर येथे छापील अक्षरांत देत आहे: होय, हे माझे मास्तर आहेत. वाचकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

गुलाब नानाजी खिल्लारे, वाशीम