न दचकलेला

थ्रीडी सिनेमातल्या ड्रम वाजवणाऱ्याने हातातली काठी प्रेक्षकांकडे भिरकावली आणि ती पडद्यातून निघून थेट आईच्या कपाळावर आली. आईने डोकं खाली घातलं. शेजारी लेक किंचाळली, पुढच्या रांगेत कुणाच्या तरी लाह्या सांडल्या. सगळं थिएटर वाकलं आणि मग स्वतःलाच हसलं.

बाबा तेवढे ताठ बसून होते.

"बाबा, तुम्ही हललासुद्धा नाहीत!" लेक गाण्याच्या वर आवाज काढून म्हणाली. हा बँड म्हणजे तिचा जीव की प्राण. वाढदिवसाला हट्टाने तिनेच दोघांना आणलं होतं.

"वीस वर्षं शाळेची व्हॅन चालवतोय. काठीला काय घाबरायचं? भागूबाई तुझी आई."

लेक खिदळली. आईही हसली, पण ते हसू ओठांवरच राहिलं.

गेल्या महिन्यात व्हॅनचा आरसा फुटला, तेव्हा बाबा म्हणाले होते, "भिंतच अंगावर आली." परवा त्यांनी चहा ओतला तो कपाच्या शेजारी, टेबलावर. आईने फडकं फिरवलं आणि विषय तिथेच पुसून टाकला होता.

तिने मनात देवाचं नाव घेतलं. मग चष्म्याआड तळहात सरकवून डावा डोळा झाकला.

अंगावर आलेली गिटार मागे गेली. माणसं, दिवे, धूर, सगळं भिंतीला डकवलेल्या कागदासारखं सपाट झालं. तेवढ्यात दुसरी काठी सुटली. ती पडद्यावर नुसती मोठी झाली. आजूबाजूला पुन्हा किंकाळ्या उठल्या. आई जागची हलली नाही.

रोज सकाळी बावीस मुलं. त्यातलं सगळ्यांत धाकटं, उतरलं की व्हॅनच्या पुढूनच पळत सुटतं. कितीदा सांगून झालंय.

तिने हात काढून बाबांकडे पाहिलं. लोक सावरून बसले होते, हसून झालं होतं. आणि मग, सगळं शांत झाल्यावर, बाबांनी घाईघाईने डोकं खाली घातलं.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

बाहेर लख्ख दुपार होती. लेक गाणं गुणगुणत व्हॅनमध्ये जाऊन बसली. बाबांनी खिशातून किल्ली काढली. आई चालकाच्या दारापुढे उभी राहिली, हलेना.

"किल्ली द्या."

"तुला कुठे चालवता येते?"

"म्हणूनच मागतेय."

बाबा हसायला गेले. जमलं नाही. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, मग पायांकडे.

"फक्त डावाच," ते हळूच म्हणाले. "वाटलं, बरा होईल."

ती हात तसाच पुढे धरून राहिली.

"काय झालं? चला ना!" आतून लेकीची हाक आली.

"उतर गं," आई म्हणाली. "चालत जाऊ."

बाबांनी डाव्या हाताने आधी तिचा तळवा चाचपला, अंधारात पायरी चाचपावी तसा. तो नीट सापडल्यावरच किल्ली त्यावर ठेवली.