जुळ्यांपैकी एकीचीच पाकिटं

पोषण केंद्राच्या ताईंनी दोन्ही जुळ्या बहिणींच्या दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी लावली. थोरली लाल रंगात आली, म्हणजे अतिकुपोषित; धाकटी पिवळ्यात, तिच्याहून जरा बरी. दीड वर्षाच्या पोरी, अकरा मिनिटांनी लहान-मोठ्या. नियम सरळ होता: लाल आलेल्या मुलाला शेंगदाण्याच्या पेस्टची पाकिटं, पिवळ्याच्या आईला नुसता सल्ला.

"हे औषध समज," ताईंनी आईला बजावलं. "थोरलीलाच द्यायचं. दुसऱ्या कुणाला बोटभरसुद्धा नाही."

आईने मान हलवली. ती भंगाराच्या गोदामात पत्रा निवडायला जायची. नवरा कामाला म्हणून गेला तो गेलाच.

तीन आठवडे झाले तरी थोरलीचं वजन वाढायचं नाव घेईना. शेवटी ताई न सांगता त्यांच्या खोलीवर गेल्या. आईच्या एका मांडीवर एक पोर होती, दुसरीवर दुसरी. पाकिटाचं तोंड आधी हिच्या ओठांना, मग तिच्या.

ताईंचा पारा चढला. "अगं, अशाने ही हातची जाईल!"

"मग तुम्ही भरवा ताई," आई म्हणाली. "हिला भरवा आणि तिच्याकडे बघू नका. मला नाही जमत."

धाकटी पाकिटाकडे टक लावून बघत होती. रडायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

ताई तडक केंद्राच्या पर्यवेक्षिकेकडे गेल्या. "बाई, दोघींना द्या ना."

"पिवळ्याला दिली तर उद्या अख्खी वस्ती दारात येईल. कुठून आणू?" बाईंनी मागचं कपाट उघडून दाखवलं. आत दोनच खोकी होती, त्यातलं एक फोडलेलं.

थोरलीला चौदा दिवस इस्पितळात ठेवायचं ठरलं. वॉर्डात आईसोबत एकच मूल चालायचं.

"धाकटी राहील माझ्याकडे," ताई बोलून गेल्या.

ताईंच्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला, पण मऊ भात त्यांनीच कालवला. धाकटी घास गालात धरून दाराकडे बघत बसायची. आठव्या दिवशी तिला जुलाब लागले. दहाव्या दिवशी ताईंनी पट्टी लावली.

"लाल आला!" त्या ओरडल्या. "आता मिळतील हिलाही!"

सासूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. आपण काय बोललो हे ताईंना तेव्हा कळलं.

त्यांनी पोरीला उचललं आणि इस्पितळ गाठलं. थोरलीचं वजन पाव किलोने वाढलं होतं. ते सांगायला आई हसत उठली आणि ताईंच्या कडेवर नजर जाताच जागीच थिजली.

"तुमच्या भरवशावर ठेवली होती ना?"

नर्सने धाकटीला बहिणीच्याच खाटेवर घेतलं. शीर सापडेना, चार ठिकाणी सुई टोचावी लागली. पाच दिवस सलाईन चालू होतं. सहाव्या दिवशी धाकटीने पाकीट चोखलं.

दोघी वाचल्या. महिनाभराने घरी आल्या, तेव्हा लालमध्ये आल्यावर धाकटीलाही पाकिटं मिळाली ही बातमी वस्तीभर झाली.

पुढच्या वजनाच्या दिवशी शेजारची एक बाई पोराला कडेवर घेऊन आली. त्याचा दंड पिवळ्यात आला, लालच्या अगदी काठावर. तिने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, चार दिवस याला कमी खायला घातलं, तर बसेल ना लालमध्ये?"

"खबरदार!" ताई म्हणाल्या. "आण त्याला इकडे."

त्यांनी पट्टी पुन्हा लावली, या वेळी कातडीत रुतेल इतकी आवळून. पोर कळवळलं. ताईंनी वहीत लाल लिहिलं आणि पाकिटं तिच्या पदरात टाकली. कपाटात आता एकच खोकं उरलं होतं आणि बाहेर सोळा बायका रांगेत उभ्या होत्या.