तांब्याच्या पत्र्यावरचा बाप

छापखान्याचे मालक हॅलस्टन यांनी पत्र्यावरून कागदावर घेतलेला पहिला ठसा उजेडात धरला आणि सगळ्यात पुढच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. जॉब पर्किसला तेव्हाच कळलं, आपली चोरी पकडली गेली.

चित्र होतं चारशे वर्षांपूर्वीच्या बंडाचं. डोईपट्टीला, म्हणजे माणशी लावलेल्या कराला, कावलेली कुळं कोयते-कुऱ्हाडी घेऊन लंडनवर चालून आली होती, त्याचं. इतिहासाच्या एका जाडजूड पुस्तकासाठी जॉब तीन महिने ते तांब्याच्या पत्र्यावर कोरत होता. आणि सगळ्यात पुढे कुऱ्हाड उगारून उभ्या असलेल्या माणसाला त्याने खुशाल आपल्या बापाचा चेहरा दिला होता. बाप एसेक्समध्ये जन्मभर दुसऱ्याची शेतं नांगरून मेला. गरिबाचं चित्र कोण कशाला काढतंय? तो चेहरा आता फक्त जॉबच्या डोक्यात उरला होता, आणि तिथेही पुसट होत चालला होता.

"हा कोण रे?" मालकांनी विचारलं.

"बंडखोर."

"याला बघून तर बसायला खुर्ची द्यावीशी वाटते. अरे शहाण्या, तिकडे फ्रान्सात राजाचं मुंडकं उडवून वर्ष झालं. गिऱ्हाईक घाबरलंय. त्याला दात विचकणारा बंडखोर हवा. मोड तो चेहरा."

"दुसऱ्या कुणाला सांगा."

"तूच मोडशील. नाहीतर अख्खा पत्रा वितळवतो."

तांब्यावरची रेघ काही पुसता येत नाही. जॉबने आधी बापाचा चेहरा खरवडला, तिथे खळगा पडला. मग पत्रा पालथा घातला, नेमकी जागा मापून घेतली आणि पाठीमागून हातोडीने ठोकून ठोकून खळगा वर आणला. रडू आलं, ते त्याने दाबलंही नाही. गुळगुळीत झालेल्या जागी त्याने एक रानटी थोबाड कोरलं. मालक खूश झाले. बापाचा चेहरा असलेला तो एकुलता एक ठसा जॉबने मागून घेतला आणि रविवारी गावी आईकडे नेला.

आईने, थॉमसिनने, हात पुसले, कागद खिडकीशी नेला.

"तुझा बापच की हा," ती म्हणाली. बोट चेहऱ्यापाशी नेलं, पण टेकवलं नाही. मग नजर खाली गेली. "हातात काय दिलंस?"

"कुऱ्हाड."

"कुणावर उगारलीय?"

"सरदारांवर."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? जमीनदाराचा कारभारी दिसला की टोपी काढून चिखलात उभा राहायचा हा माणूस. हे घरही जमीनदाराचंच. या वयात मी पाण्यात राहून माशाशी वैर करू? कारभाऱ्याने हे पाहिलं, की मी रस्त्यावर."

"पेटीत ठेव. कोण बघतंय?"

"पेटीत ठेवायला आणलंस होय?"

तिने कात्री आणली आणि चेहरा गोल कापून घेतला, जेमतेम अंगठ्याएवढा. उरलेला कागद, कुऱ्हाड, हात, मागची सगळी गर्दी, चुलीत घातली. जॉबला संताप आला. जन्मात एकदा त्याने बापाला ताठ उभं केलं होतं. पण तोवर आई तो तुकडा जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीला टाचत होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.

"आता कुणीही विचारू दे," ती म्हणाली. "माझा नवरा म्हणून सांगेन."