फान गुरुजींची वाकडी किटली

डिंगशू गावात फान गुरुजींच्या नावाच्या किटल्या बारा वर्षं मीच घडवते, हे आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. जांभळी माती मी चोपायची, तोटी मी जोडायची, आणि बुडाला शिक्का त्यांचा. ते मधूनमधून येऊन चहा पितात. मेहनत म्हणाल तर तेवढीच.

यंदा मात्र मी हट्टाला पेटले. जन्मात एक तरी किटली माझ्या नावाची हवी. 'शाओ रुईफन' असा शिक्का कोरून घेतला आणि किटली गावच्या स्पर्धेत नेऊन ठेवली. परीक्षकांत गुरुजी होतेच. त्यांच्याशिवाय इथं पान हलत नाही.

मुख्य परीक्षक लू साहेबांनी माझ्या किटलीतून पाणी ओतलं. झाकणाच्या भोकावर बोट ठेवताच धार जागच्या जागी थांबली, इतकं झाकण चपखल. साहेब खूश. मग किटली उलटी करून शिक्का वाचला आणि तोंड आंबट झालं.

"बाई, ही तर फान गुरुजींची सरळसरळ नक्कल."

मी गुरुजींकडे पाहिलं. माणसाला थोडी तरी लाज असते, असं मला तोवर वाटत होतं.

"नक्कलच," ते म्हणाले. "पण हात बरा आहे हो. शिकेल हळूहळू."

माझं डोकंच फिरलं. हात जोडून म्हटलं, "गुरुजी, माझं कुठं चुकलं ते करून दाखवा की. माती, फळी, सगळं मांडवात आहेच."

आता नाही कसं म्हणतील? शंभर माणसं मोबाइल रोखून उभी. गुरुजींनी बाह्या सरसावल्या, मातीची पट्टी गोल जोडली आणि थापीनं चोपायला लागले. चार फटक्यांत किटलीचं पोट खचलं, तोंड एका अंगाला कललं. म्हटलं, आता तरी परीक्षकांचे डोळे उघडतील.

लू साहेबांनी चष्मा पुसला. "वा. या वयात गुरुजींनी सुबकपणाचाही मोह सोडला."

टाळ्या पडल्या. पहिलं बक्षीस त्या लगद्याला. माझ्या किटलीत परीक्षकांनी चहा केला आणि तीन तीनदा मागून प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गुरुजी दारात, हातात संत्र्यांची पिशवी.

"रुईफन, लोकांना आता वाकड्याच किटल्या हव्यात गं. चाळीस तरी लागतील. हवं तर झाकणाच्या आत तुझा शिक्का मार, मी काही बोलणार नाही."

"बसा, गुरुजी," मी म्हटलं. "चहा घ्या. पण वाकडं मला जमत नाही. त्याला तुमचाच हात लागतो."

आणि थापी त्यांच्या हातात दिली.