पोळ्याला तडकलेला मेनफोल

मी मॅनिफोल्ड बोलतोय. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. धुळ्याचे ड्रायव्हर मला 'मेनफोल' म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. मी बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. इंजिनाच्या कुशीला चिकटून बसायचं, त्याच्या पोटातला तापलेला धूर गोळा करायचा आणि मागच्या नळीत सोडायचा, एवढंच माझं काम. शोभेचं नाही. मोटार घेताना माझं तोंड कुणी बघत नाही. रंग बघतात, भोंगा वाजवून बघतात.

जन्म माझा अमेरिकेतला, पण कळता झालो तो धुळ्यातच. जवरीलालशेठनं कापसाच्या गठाणी वाहायला लाल मालमोटार आणली, तिच्यासोबत मी आलो. शेठचा गाडीवान हिलाल. बैलजोडी विकली गेली आणि त्याच्या हातात चाक आलं. हात चाकावर बसला, जीव मात्र बैलांवरच राहिला. चढाला म्हणायचा, "चाल लाल्या, चाल मना राजा!" पोळ्याला मोटार पांझरा नदीच्या पाण्यानं धुवायचा, मडगार्डला गेरू लावायचा, आणि त्याची बायको भागाबाई बॉनेटवर पुरणपोळी ठेवायची. पोळी शेवटी कावळाच न्यायचा, पण मान आमचा. खोटं कशाला बोलू, मला आवडायचं.

लढाईच्या दिवसांतला एक पोळा. शेठनं नेमकं त्याच दिवशी जळगावला पिटाळलं. परत धुळ्याच्या देवपुरात येईतो गल्लीतले बैल सजून निघालेले, आणि मी तापून लाल. हिलालची नुसती धांदल. "बठ्ठास्ना बैल धुवाई गयात, मना लाल्याच ऱ्हायना," म्हणजे सगळ्यांचे बैल धुऊन झाले, आपलाच राहिला, असं म्हणत त्यानं बॉनेट उघडलं आणि घागरभर गार पाणी थेट माझ्यावर ओतलं. अहो, टण्णकन तडकलो! ढोलांच्या आवाजात कुणाला ऐकूही गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून फट्-फट् सुरू. हिलालनं चिरेवर पत्रा ठेवून तार आवळली. नवा मेनफोल बाजारात मिळेना; लढाईनं सगळे सुटे भाग गिळले होते. शेठ म्हणाले, "आवाजच करतो ना? करू दे."

आवाजाचं सोडा हो. माझ्यातून निसटलेला धूर फळ्यांच्या फटींतून हिलालच्या पायाशी वर येत होता. थंडी पडली, त्यानं बाजूचे ताडपत्रीचे पडदे बांधून घेतले, मग तर तो कोंडलाच. "डोकं दुखस," हिलाल घरी म्हणायचा. भागाबाई मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढायची. दृष्ट कसली डोंबलाची! ओरडून सांगावंसं वाटे, पण माझं ओरडणं म्हणजे फट्-फट्. त्याला कोण विचारतो?

माघातल्या एका सकाळी भागाबाई माहेरी, जळगावच्या मेहरूणला जायला हिलालशेजारी बसली. तिला मोटार लागते, म्हणून पडदा सारून तोंड बाहेर काढलेलं. एरंडोल मागं पडलं. हिलालचं बोलणं थांबलं, मग मान खाली गेली. मी मारतोय याला, हे मला कळत होतं आणि काही करता येत नव्हतं. मोटार रस्ता सोडून कापसाच्या शेतात घुसली, काळ्या मातीत चाकं रुतली आणि इंजिन बंद पडलं. देव पावला म्हणायचा!

"आवो! उठा ना, आवो!" भागाबाईनं त्याला ओढून बांधावर आडवा केला. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले. मग ती गाडीत वाकली, नाक लावून हुंगलं आणि किंचाळली, "नजर नही शे! धूर शे हाऊ, धूर!"

शेठपुढे हिलालनं सगळं सांगून टाकलं. "शेठ, पोळाले मीच पानी टाकं."

"अरे, बैल समजलास का मोटारीला?"

"मंग काय समजू, शेठ?"

शेठनं मिस्तरी बोलावला. मला पितळेचा डाग देऊन सांधून पाहिला, तोही उकलला. "लढाई संपेतो गाडी उभी करू," शेठ म्हणाले. हिलालचा चेहरा पडला. बैल विकलेले, मोटार उभी. गाडीवानानं मग करायचं काय? तेव्हा भागाबाई पुढे झाली. दोन्ही पडदे तिनं ओरबाडून काढले आणि म्हणाली, "यास्ना जोडे मी बससू."

आणि रोज त्याच्याशेजारी बसली. मोटार लागायची, ओकायची, तरी बसायची. थंडीत कुडकुडायची. हिलाल गप्प झाला की कोपर मारायची, "बोला! काहीबी बोला!" तोही बोलायचा, शेजारच्या म्हशीपासून इंद्राच्या ऐरावतापर्यंत. रागानं ती मधूनच बॉनेटकडे बघायची. खरं सांगतो, मला तिची भीती वाटायची.

आता मी शेठच्या वखारीमागं पडून आहे. भंगारवाला येईल, भट्टीत घालील. त्याचं दुःख नाही. जाता जाता एकच विनवणी करतो: मोटार चालवणारा माणूस बोलता बोलता गप्प झाला, तर आधी मोटार थांबवा, मग काय ते विचारा. आणि मला उतरवलं त्या दिवसाचं तेवढं ऐका.

लढाई संपली होती. लष्करानं मोडीत काढलेल्या मोटारींतून शेठना एक धड मेनफोल मिळाला. मला काढून मातीत टाकलं, तो बसवला, इंजिन सुरू केलं. भागाबाई आपल्या जागेवर बसलेलीच होती. तिनं पायाशी वाकून हुंगलं. परत हुंगलं. मग खाली उतरली.

"जा आते," ती हिलालला म्हणाली. "एकला जा."

मोटार वळणाआड गेली, तेव्हा ती माझ्याशेजारी मातीत बसली आणि ढसाढसा रडली.