गळती ऐकणाऱ्या काठीचे गाऱ्हाणे

मित्रांनो, माझ्यावर रेलून कुणी चालत नाही आणि माझा धाकही कुणाला वाटत नाही, तरी मी एक जुनी काठीच आहे. पाणीपुरवठा खात्यातली, गळती ऐकण्याची काठी. एका सुताराने मला कठीण लाकडातून घडवले, खाली पोलादी टोक बसवले आणि वर कान टेकेल अशी वाटी कोरली. रस्त्याखालून नळ जातो तिथे टोक टेकवायचे आणि वाटीला कान लावायचा. नळ धड असेल तर मी गप्प. कुठे भेग असेल तर माझ्यातून सूं असा बारीक आवाज येतो. वर रस्ता कोरडा ठणठणीत, आणि खाली पाणी वाया जात असते!

पूर्वी मी तपासनीस बाईंच्या वडिलांच्या हातात होते. आता बावीस वर्षे बाईंच्या हातात आहे. झुंजुमुंजू होताच, रहदारी सुरू होण्याआधी आम्ही निघतो. बाई ऐकतात, रस्त्यावर खडूने फुली मारतात आणि कार्यालयात कागद देतात. सुरुवातीला दुसऱ्याच दिवशी खोदणारे येत. नेमकी भेग सापडली की म्हणत, "काय काठी आहे, बाई!" मी फुशारून जात असे. पुढे खोदणारे एकेक करून निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आले नाही. फुल्या चाकांखाली पुसल्या गेल्या, आणि किती पाणी वाया जाते याचा हिशेब मांडलेले बाईंचे कागद फायलीत झोपले.

सगळ्यांत मोठी भेग आहे बेकरीसमोर, चढाच्या पायथ्याशी. तिच्यामुळे चढावरच्या घरांना पाणी पोहोचतच नाही. तिथे शिवणकाम करणाऱ्या एक मावशी राहतात. दुखऱ्या गुडघ्यांनी रोज दोन बादल्या घेऊन एकसष्ट पायऱ्या चढतात. बाई दिसल्या की म्हणतात, "पोरी, तुझी काठी नुसती ऐकतेच का गं? कुणाच्या पाठीत बसत नाही ती?" त्या हसतात, पण मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

गेल्या महिन्यात सभागृहात मोठी सभा भरली. शहराचे पाणी एका कंपनीच्या हाती द्यावे की नाही, यावर वाद होता. कंपनीचे गृहस्थ पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तुमचं शंभरातले चाळीस भाग पाणी जमिनीत मुरतं. खात्याला हे झेपत नाही. आमच्याकडे द्या." खात्याचे मोठे साहेब मान डोलावत होते.

बाई ताडकन उठल्या. "साहेब, हा आकडा माझा आहे! भेगा बुजवाव्यात म्हणून दिला होता. तुम्ही तो खातं मोडीत काढायला वापरलात?"

"बाई, तक्रार असेल तर लेखी द्या."

"लेखीच दिली होती. त्रेचाळीस वेळा."

हशा पिकला. बाई कंपनीच्या गृहस्थांकडे वळल्या. "बेकरीसमोरची भेग कधी बुजवाल? करारात दाखवा."

गृहस्थांनी पाने पुढे चाळली, मग मागे चाळली. "ते नंतर ठरेल. आधी घरोघरी मीटर बसतील."

"म्हणजे नळाला वारा आला तरी मीटर फिरणार!" मावशी मागून म्हणाल्या.

तेवढ्यात कंपनीला विरोध करणाऱ्यांपैकी एकाने आरोळी ठोकली, "पाणी आपलं आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आपलं आहे ना? मग माझ्या बादलीत का नाही, दादा?" मावशींनी त्यालाही सोडले नाही.

टाळ्या थांबल्या. निर्णय तीन महिने पुढे ढकलला गेला. दोन्ही बाजूंची माणसे जिंकल्यासारखी बाहेर पडली. दारात बाईंनी साहेबांना गाठले. "निदान ती एक भेग तरी बुजवू या."

"आता कशी बुजवणार? पाणी कुणाकडे जातंय ते ठरू दे. ज्याच्याकडे जाईल तो बघेल."

मित्रांनो, तेव्हा माझा अगदी संताप झाला! पाणी कुणाच्या हाती असावे, यावर खुशाल वाद घाला. तो प्रश्न लहान नाही, आणि मोठे झाल्यावर तुम्हालाही त्यावर मत द्यावे लागेल. पण वाद मिटेपर्यंत भेग थांबत नसते. ती रोज थोडी रुंदावते. आजही मावशी दोन बादल्या घेऊन पायऱ्या चढल्या, आणि बाईंनी चव्वेचाळिसावा कागद दिला.

जे मोडलेले दिसेल, ते आधी सांधा. मला नुसते ऐकता येते. तुम्हाला हात आहेत.